घरी चिकन शोरमा: कोंबडीला पाणी सुटू न देण्याची रीत

घरी केलेला चिकन शोरमा बहुतेक वेळा मसाल्यात चुकत नाही, पाण्यात चुकतो. वाटण बरोबर पडलेले असते, कोंबडी ताजी असते, तरीही तव्यावर पाच मिनिटांत तुकडे स्वतःच्याच पाण्यात पोहू लागतात, ते पाणी आटेपर्यंत मांस चिवट होते, आणि शेवटी पोईत, म्हणजे गोव्याच्या पोकळ, कोंडा लावलेल्या पावात, भरले जाते ते शोरम्याऐवजी साधे चिकन सुके असते. दुकानातल्या उभ्या सळईवर ही अडचण येत नाही, कारण तेथे मांसातून सुटणारे पाणी आणि चरबी निथळून जाते, आचेसमोरची कडा कुरकुरीत होते आणि तेवढीच कापून घेतली जाते. घरच्या तव्याला निथळण्याची सोय नसते. म्हणून पाणी कोठून येणार आहे हे प्रत्येक टप्प्यावर आधीच ओळखून ते काढून टाकावे लागते. दह्यातले पाणी, धुतलेल्या कोंबडीवरचे पाणी, कोबीतले पाणी आणि सर्वांत शेवटी गरम मांसाच्या वाफेचे पाणी, ही चार ठिकाणे लक्षात ठेवली तर पुढचा क्रम असाच का लावला आहे ते सहज कळेल.

खालील प्रमाण १ किलो बोनलेस चिकनचे आहे. शिजल्यावर त्याचे वजन साधारण पाऊण किलोपर्यंत उतरते आणि त्यात मध्यम आकाराच्या ८ पोई भरतात. रविवारी संध्याकाळी खायचे असेल तर काम शनिवारी संध्याकाळी सुरू करावे. त्याच दिवशी सगळे उरकण्याचा प्रयत्न करू नये. चक्का आणि मुरवण या दोन्हींना लागणारा वेळ कमी करता येत नाही.

टप्पा १: खरेदी

चिकनच्या दुकानात नुसते बोनलेस मागितले की बहुतेक वेळा छातीचे मांस मिळते. ते शोरम्यासाठी घेऊ नये. त्यात चरबी फार कमी असते आणि आपण हे मांस दोनदा तापवणार आहोत, त्यामुळे दुसऱ्या वेळी ते हमखास कोरडे पडते. दुकानदाराला स्पष्टपणे ‘लेग बोनलेस, तुकडे न करता’ असे सांगावे. मांडीतले हाड काढून तुकडा पुस्तकासारखा उघडा ठेवून घ्यावा. सवयीने तो लगेच चौकोनी तुकडे करू लागतो, म्हणून ‘तुकडे न करता’ हे शब्द आधी सांगावेत. रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते आणि हाड नीट काढून देण्यास कोणाला सवड नसते. शनिवारची खरेदी त्या दृष्टीनेही सोयीची आहे.

बाकीचे सामान असे: अर्धा किलो घट्ट दही, लसणाचे दोन मोठे गड्डे, ४ लिंबे, पाव किलो कोबी, एक मुळा, एक लहान बीट, दोन काकड्या आणि व्हिनेगर. घरात माडाच्या सुरेचे व्हिनेगर असल्यास लोणच्यासाठी तेच वापरावे. त्याचा आंबटपणा बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा सौम्य लागतो. पोई मात्र आदल्या दिवशी घेऊ नये. ती रविवारी संध्याकाळी पोदेर (दारोदार पाव विकणारा) आला की ताजी घ्यावी.

टप्पा २: चक्का टांगणे (शनिवारी, सर्वांत आधी)

घरी पोचल्यावर पहिले काम दह्याचे करावे, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि कोंबडीच्या वाटणातही तोच चक्का लागणार आहे. दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून गाळणीवर ठेवावे, गाळणीखाली भांडे ठेवावे आणि हे सगळे फ्रिजमध्ये ठेवावे. श्रीखंडासाठी पुष्कळ घरांत दही रात्रभर बाहेरच टांगतात, पण गोव्याच्या हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, ते सकाळपर्यंत इतके आंबते की त्याचे सॉस कडवट लागते. मुरवणीपुरता चक्का दोन तासांत तयार होतो. सॉसचा चक्का रात्रभर निथळू द्यावा.

पडताळा: चमच्याने उचललेला चक्का चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. पडत असेल तर कापड पिळून आणखी दोन तास ठेवावे.

टप्पा ३: कोंबडी कोरडी करणे आणि मुरवणे

नळाच्या धारेखाली कोंबडी धुण्याची सवय सोडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. धारेचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोबीवर उडतात, आणि कच्च्या मांसावरचे जंतू त्यांच्याबरोबर पसरतात. धुण्याने ते मरत नाहीत, नीट शिजवल्यानेच मरतात. ज्यांना न धुतलेले मांस शिजवणे मनाला पटत नाही, त्यांनी ते खोल पातेल्यात हलक्या हाताने धुवावे, चाळणीत १५ मिनिटे निथळावे आणि नंतर पातेले, चाळणी, मोरी हे सगळे साबणाने धुऊन घ्यावे.

मांस धुतलेले असो वा नसो, पुढची पायरी टाळू नये. प्रत्येक तुकडा स्वच्छ कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्यावा. एक किलोसाठी सात-आठ रुमाल लागतात. ओल्या मांसावर वाटण चिकटत नाही, ते घसरून भांड्याच्या तळाशी जमते आणि दुसऱ्या दिवशी तेच तव्यावर पाणी होऊन येते. तुकड्याचा जाड भाग सुरीने आडवा चिरून उघडावा, म्हणजे सगळीकडे जाडी सारखी, साधारण दीड सेंटीमीटर, होईल.

वाटणाचे प्रमाण असे आहे:

- चक्का ४ मोठे चमचे, तेल ३ मोठे चमचे
- लिंबाचा रस २ मोठे चमचे
- लसूण १५ पाकळ्या, बारीक वाटून
- बारीक मीठ २ सपाट लहान चमचे (सुमारे १२ ग्रॅम)
- जिरेपूड आणि धणेपूड प्रत्येकी २ लहान चमचे
- काश्मिरी मिरचीपूड २ लहान चमचे, काळी मिरीपूड १ लहान चमचा
- हळद आणि दालचिनीपूड प्रत्येकी अर्धा लहान चमचा
- ५ वेलच्या आणि ४ लवंगा यांची ताजी पूड, चिमूटभर जायफळ

आले यात घातलेले नाही. आले घातले की चव तंदुरीकडे झुकते. त्याचप्रमाणे घरात तयार असलेला रेशाद मसाला (मासळीला लावायचा गोव्याचा लाल मसाला) लावण्याचा मोह टाळावा. त्यात साखर असते आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर ती मांस शिजण्याआधीच जळते. शागोतीसाठी (गोव्याच्या मसालेदार रश्शासाठी) वाटलेले भाजके खोबरेही याच कारणाने येथे चालत नाही. हे दोन्ही मसाले आपल्या जागी उत्तमच आहेत, पण ते मंद आचेवर, तेलात किंवा रश्शात शिजण्यासाठी आहेत, कोरड्या आचेसाठी नाहीत.

वाटण तुकड्यांना चोळून, झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. अॅल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले तांब्या-पितळेचे भांडे लिंबाच्या आंबटपणामुळे वापरू नये. कमीत कमी ४ तास आणि शक्य तर ८ ते १२ तास मुरवावे. २४ तासांच्या पुढे जाऊ नये, कारण नंतर आंबटपणाने मांसाचा पृष्ठभाग पिठूळ होतो आणि त्याला कुरकुरीतपणा येत नाही.

खबरदारी: मुरवण ओट्यावर ठेवू नये, तासभरासाठी म्हणूनही नाही. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रिजचे दार मुळीच उघडू नये; बंद फ्रिज साधारण ४ तास पुरेसा थंड राहतो. वीज त्याहून जास्त वेळ गेलेली असेल तर ती कोंबडी टाकून द्यावी. वास येत नाही म्हणून ती चांगली आहे, असे समजू नये.

टप्पा ४: लोणचे आणि कोबी (रविवारी दुपारी)

मुळा आणि काकडी बोटाएवढ्या कांड्यांमध्ये चिरून बरणीत भराव्यात आणि मध्ये बिटाच्या दोन चकत्या ठेवाव्यात, म्हणजे सुरेख गुलाबी रंग येतो. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी आणि दीड लहान चमचा मीठ एकत्र उकळून, कोमट झाल्यावर बरणीत ओतावे. तीन तासांत हे लोणचे खाण्याजोगे होते. भरण्याआधी कांड्या बाहेर काढून गाळणीत ठेवण्यास विसरू नये.

कोबी जितका बारीक चिरता येईल तितका चिरावा, त्यावर अर्धा लहान चमचा मीठ घालून हाताने चुरावा, २० मिनिटे ठेवावा आणि मग मूठ घट्ट आवळून पिळावा. पाव किलो कोबीतून चांगले दोन-तीन मोठे चमचे पाणी निघते. हे पाणी आपण काढले नाही तर ते पोईत उतरते. टोमॅटो घालायचा असल्यास बिया आणि गर काढून फक्त सालीलगतच्या घट्ट भागाच्या पट्ट्या घ्याव्यात.

टप्पा ५: सॉस, आणि कच्च्या अंड्याचा प्रश्न

बहुतेक घरांत या ठिकाणी मिक्सरमध्ये अंडे फोडून मेयोनेज केले जाते. ते करू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू असू शकतो, आणि उष्ण, दमट हवेत तासभर उघडे राहिलेले मेयोनेज त्याला वाढण्यास उत्तम जागा देते. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी आणली. नंतर तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी ती घातली. खाद्यगृहांसाठी जे धोक्याचे ठरले ते घरच्या मुलांसाठी सुरक्षित कसे मानायचे?

लसणी चक्का हा त्याला सर्वांत सोपा पर्याय आहे. लसणाच्या ५ पाकळ्या, अर्धा लहान चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस एकत्र वाटावा. लसूण लिंबाच्या रसातच वाटल्याने त्याचा उग्रपणा कमी होतो. कोरडा वाटून नंतर लिंबू पिळल्यास तसा परिणाम होत नाही. हे वाटण उरलेल्या चक्क्यात घालावे, त्यात २ मोठे चमचे तेल आणि भाजून बारीक वाटलेले २ मोठे चमचे पांढरे तीळ घालून हाताने फेटावे. मिक्सरमध्ये फिरवल्यास चक्का पातळ होतो.

ज्यांना दुकानात मिळते तसे पांढरेशुभ्र सॉस हवे असेल त्यांनी लेबनॉनमधील तूम करावे. त्यात अंडे मुळीच नसते. ६० ग्रॅम सोललेला लसूण आतला हिरवा कोंब काढून अर्धा लहान चमचा मिठाबरोबर अगदी बारीक वाटावा, मग मिक्सर चालू ठेवून २४० मिलीलिटर सूर्यफूल तेल दोऱ्याएवढ्या धारेने सोडत जावे आणि अधूनमधून लिंबाचा रस थेंबथेंब, एकूण २ मोठे चमचे, घालावा. पहिले पाव वाटी तेल घालताना घाई झाली की तूम फुटते. फुटल्यास एक चमचा बर्फाचे पाणी दुसऱ्या भांड्यात घेऊन फुटलेले मिश्रण त्यात हळूहळू फेटत घालून पाहावे. दोन्ही सॉस लागेपर्यंत फ्रिजमध्येच असावेत.

टप्पा ६: पहिला भाजा

सगळा शोरमा येथेच साधतो किंवा बिघडतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये. माझ्या पहिल्या खेपेला मी मांस आधीच पट्ट्यांमध्ये कापून एकाच वेळी कढईत घातले होते आणि दहा मिनिटांत त्याचा रस्सा झाला होता. पट्टीला चारही बाजूंनी पाणी सुटते, अख्ख्या तुकड्याला तुलनेने कमी सुटते. म्हणून आधी अख्खे भाजावे आणि नंतर कापावे.

बिडाचा तवा या कामाला सर्वांत योग्य आहे, कारण थंड मांस पडल्यावरही तो एकदम गार होत नाही. तवा मध्यम ते मोठ्या आचेवर ५ मिनिटे तापू द्यावा. पाण्याचा थेंब टाकला असता तो पसरून न राहता गोळी होऊन नाचला पाहिजे. कोंबडी फ्रिजमधून १५ मिनिटे आधी काढावी, तुकड्यांवरचे जादा वाटण बोटांनी निपटून घ्यावे, तव्यावर एक चमचा तेल पसरावे आणि एका वेळी तीन किंवा चारच तुकडे, एकमेकांना न चिकटतील असे, ठेवावेत. एका किलोसाठी तीन घाणे लागतात. हे कंटाळवाणे असले तरी दोन घाण्यांत उरकू नये.

चार-पाच मिनिटे तुकडा हलवू नये. खालची बाजू भाजली की तो तव्यापासून आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर तो अजून उलटण्याजोगा झालेला नाही. उलटून पुन्हा चार-पाच मिनिटे ठेवावा. दर घाण्यानंतर तव्यावरचा जळका मसाला उलथन्याने खरवडून, जाड फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर पुढचा घाणा कडू होतो.

खबरदारी: झाकण ठेवू नये. लवकर शिजावे म्हणून झाकण ठेवले की वाफ परत मांसावर पडते, आणि आतापर्यंत कोरडे करण्यासाठी घेतलेले सगळे कष्ट वाया जातात.

पडताळा: सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी टोकदार थर्मामीटर खुपसून पाहावा. ७४ अंश सेल्सिअस ही सुरक्षिततेची किमान मर्यादा आहे. मांडीचे मांस ८० अंशांच्या आसपास जास्त मऊ लागते, त्यामुळे थोडे पुढे जाण्याची भीती बाळगू नये. थर्मामीटर नसल्यास जाड तुकडा कापून पाहावा: आतला रस स्वच्छ असावा आणि मांस कोठेही अर्धपारदर्शक दिसू नये. ही दुसरी रीत थर्मामीटरइतकी खात्रीची नाही, म्हणून वारंवार मांस करणाऱ्या घरात हे उपकरण असावेच.

ज्यांच्याकडे ओटीजी (घरगुती विजेची लहान भट्टी) आहे त्यांनी अर्धा कापलेला मोठा बटाटा सपाट बाजूने ट्रेमध्ये ठेवावा, त्यात दोन सळया उभ्या रोवून तुकडे एकावर एक दाबून बसवावेत आणि २०० अंशांवर भाजावेत. एका किलोला तास ते सव्वा तास लागतो. लहान ओटीजीत वरच्या कांडीला मांस टेकणार नाही एवढीच रास करावी. तापमान मात्र राशीच्या अगदी मधोमध पाहावे, कारण बाहेरून काळपट दिसणारी रास आतून कच्ची असू शकते.

टप्पा ७: विसावा, काप आणि दुसरा भाजा

भाजलेले तुकडे ताटात पसरून ८ मिनिटे तसेच ठेवावेत. लगेच कापल्यास आतला रस फळीवर वाहून जातो. ही फळी आणि सुरी कच्च्या मांसाची नसावी. तीच असेल तर साबणाने धुऊन, कोरडी करून मगच घ्यावी. मांसाच्या धाग्यांना आडवे, पेन्सिलीपेक्षा पातळ असे काप करावेत.

आता तवा पुन्हा कडक तापवून हे काप दोन भागांत, पातळ पसरून, फक्त दीड ते दोन मिनिटे परतावेत. सळईवरच्या मांसाला जी कुरकुरीत कड असते ती याच दोन मिनिटांत मिळते. ताटात जमलेला रस या वेळी तव्यात ओतू नये. काप उतरवल्यावर तो तव्यात वेगळा आटवावा आणि वरून चमचाभर घालावा. सगळे काप एकसारखे कुरकुरीत होण्याची वाट पाहिली तर मऊ कापही वाळतात, म्हणून काही कडा गडद झाल्या की उतरवावे.

टप्पा ८: पोई भरणे

पोईला आतून नैसर्गिक पोकळी असते, म्हणून पिटा शोधत बसण्याचे कारण नाही. वरचा कोंडा झटकावा, कडेचा एक तृतीयांश भाग सुरीने उघडावा आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट शेकाव्यात. जास्त शेकल्यास ती पापडासारखी तडकते. पोई मिळाली नाही तर मऊ, थोडी जाड पोळी चालते. पराठ्याच्या तेलकटपणामुळे मात्र सॉस आत टिकत नाही.

परतलेले काप दोन मिनिटे उघडे ठेवून वाफ जाऊ द्यावी. मग पोकळीच्या दोन्ही बाजूंना आतून सॉसचा पातळ थर द्यावा, तळाशी पिळलेला कोबी, त्यावर कोंबडी, त्यावर निथळलेले लोणचे आणि शेवटी पुन्हा थोडे सॉस असा क्रम ठेवावा. कोबी तळाशी ठेवल्याने मांसाचा रस तो शोषून घेतो आणि पोई ओली होत नाही. एका पोईला सुमारे ९० ग्रॅम कोंबडी पुरते; जास्त भरल्यास कड फाटते. भरलेली पोई तव्यावर उलथन्याने दाबून प्रत्येक बाजूने मिनिटभर शेकली की वरचा पापुद्रा कडक होतो.

मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा कोठे सहलीला न्यायचे असल्यास भरलेले शोरमे फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात कोंबू नयेत. अर्ध्या तासात ते घामेजतात. कोंबडी, सॉस, कोबी आणि पोई वेगवेगळे न्यावे, सॉस आणि कोंबडी बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि तेथे पोचल्यावर भरावे.

टप्पा ९: उरलेले मांस

शिजलेली कोंबडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, जसे आपल्याकडे उन्हाळ्यात बहुतेक दुपारी असते, तर एका तासाच्या आत. पसरट डब्यात पातळ थरात ठेवावी, म्हणजे ती लवकर थंड होते. दोन दिवसांत संपवावी आणि लागेल तेवढीच बाहेर काढून, तव्यावर वाफा येईपर्यंत एकदाच गरम करावी. भरलेला शोरमा मात्र ठेवण्याजोगा नसतो, म्हणून पाहुणे किती येणार हे नक्की नसेल तर पोई एकेक करून, मागणी येईल तशीच भरावी.